सड्याचं पाणी

८ जानेवारी, गुरुवार

काका पुन्हा वजाबाकी करत होते. माझ्या खिडकीखाली, अजून उजाडलंही नव्हतं. "शंभर... त्र्याण्णव... शहाऐंशी... एकोणऐंशी..." आणि प्रत्येक आकड्यामागून फावड्याचा खर्र आवाज. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, कुणावर तरी लपाछपीत राज्य आलंय.

आम्ही नऊ नंबर, जयंतकाका शेजारचे, अकरा नंबर. रिटायर्ड डॉक्टर. इथे लीड्सलाच हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे. काकू गेल्यापासून एकटेच. नीनामावशी म्हणते, ती वजाबाकी म्हणजे स्मरणशक्तीची टेस्ट आहे. डॉक्टर लोक पेशंटला शंभरातून सात-सात कमी करायला लावतात. काका स्वतःलाच लावतात, रोज. मी करून बघितली, एकोणऐंशीच्या पुढे अडकले. मी तेवीस वर्षांची आहे.

नीनामावशी आईची मावसबहीण. दिवाळीला मी दोन आठवड्यांसाठी आले होते. त्याआधी मार्गेटला कॅफेत, त्याआधी स्कॉटलंडला स्ट्रॉबेऱ्या तोडत, त्याआधी बर्मिंगहॅमला कॉलेज, ते सोडलं. आई फोनवर म्हणते, "पुढचं काय?" मी म्हणते, "बघू." मावशी काही विचारत नाही. म्हणून अजून इथेच आहे बहुतेक.

मराठीत लिहायची सवय हॉस्टेलांमध्ये लागली. सांगलीला सहावीपर्यंत शिकले तेवढंच मराठी, पण वाचायला कुणी नसतं.

कशाबद्दल लिहीत होते? हां, फावडं. कोपऱ्यावर कौन्सिलची पिवळी पेटी आहे, ग्रिट बिन. माझ्या कमरेएवढी, वर झाकण. दोन महिने मी तिच्यावर बसून फोनवर बोलले, आत काय आहे ते माहीत नव्हतं. आत मीठ असतं — जाडं, तपकिरी, वाळू कालवल्यासारखं, थंडीत रस्त्यावर टाकलं की बर्फ धरत नाही. कौन्सिलची मिठाची गाडी मोठ्या रस्त्यांवर फिरते, आमच्या चढावर येत नाही. पेटी भरून जातात. टाकायचं ज्याचं त्याने. म्हणजे काकांनी.

१० जानेवारी, शनिवार

काकांनी खाली बोलावलं. "रोज खिडकीतून बघतेस. हात आहेत ना देवाने दिलेले? ये."

गेले. उणे तीन. नाकातले केस गोठले, खरंच. काकांनी मला बादली दिली आणि स्वतः फावडं घेतलं. ढीग करायचा नाही म्हणे, पेरायचं. "बटाट्याच्या भाजीवर मीठ घालतेस तसं." मी म्हटलं मी भाजी करत नाही. "मग लग्नात अक्षता टाकतेस तसं." तेही फारसं नाही. मग म्हणाले, "जाऊ दे, माझ्या हाताकडे बघ."

कोपऱ्यावरून सुरुवात, आधी आमची बाजू, खाली बसस्टॉपपर्यंत. मग पलीकडच्या बाजूने वर. नेहमी असंच, त्यामुळे काही राहत नाही. पलीकडे राहणारी पॉलीन — सत्तरीची, तिचं एक छोटं चिडकं कुत्रं आहे — दारातून ओरडली, "मॉर्निंग, जे! नवीन असिस्टंट?" काका म्हणाले, "अंडर ट्रेनिंग."

मी विचारलं, तुम्ही कशाला करता हे. म्हणाले, "तीस वर्षं जानेवारीत मी फक्त मनगटं झोपवली. बर्फावर माणूस पडलं की हात पुढे टाकतं, मनगट जातं. एकच हाड, एकाच जागी. कंटाळा आला. म्हटलं, आता जरा उगमाशी जाऊन बघू." मग म्हणाले, या रस्त्यावर त्यांनी हे काम हातात घेतल्यापासून कुणीही पडलेलं नाही. हे सांगताना थांबले, फावड्यावर हात ठेवून, फोटो काढायचा असल्यासारखे.

त्यांची मुलगी देवयानी लंडनला, एजवेअरला असते. तिला काकांनी घर विकून तिच्याकडे यावं असं वाटतं. "तिच्याशी माझा करार आहे," म्हणाले. "ज्या दिवशी मी काही महत्त्वाचं विसरेन, त्या दिवशी मुकाट्याने येईन. तोवर नाव काढायचं नाही. तिथे मला काय आहे? तिचा टीव्ही आणि तिच्या मुलांचा हॅम्स्टर."

जाताना विचारलं, "तू नागपूरची ना?" सांगलीची, म्हटलं. परत येताना पुन्हा, "नागपूरला थंडी असते की." आमचे आजोबापण असेच. सगळं दोनदा विचारायचे.

मग पेटीमागून एक कोल्हा आला. अगदी शांत, ऑफिसला निघाल्यासारखा. मी त्याच्या मागे खाली पार्कपर्यंत गेले. परत आले तर काकांनी माझ्या वाटचं टाकून संपवलेलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मावशीचे तिळगूळ दगड झालेत. काका म्हणाले, "नीना, हे पेटीतलंच का गं?"

१७ जानेवारी, शनिवार

लिहिते. जसं झालं तसं.

आज मावशीकडे हळदीकुंकू होतं. दुपारी तीसेक बायका येणार, ब्रॅडफर्डहून, हॅरोगेटहून. मावशी पहाटेपासून पळत होती. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्यात, त्यांना रिबिनी बांधायच्या होत्या, ते माझं काम. ते अर्धं झाल्यावर मावशी म्हणाली, "तनू, आधी दार बघ. पायरीवरची ती खडी झाड, बायका आत आल्या की कार्पेटभर होईल. आणि जरासा सडा घाल, रांगोळी काढ. ठिपक्यांची येते ना तुला?"

येते. सांगलीला आजीने शिकवलेली. सडाही तिच्यासारखाच घालायचा होता मला. बादलीत हात बुडवून शिंपडत, नुसता तांब्या ओतून नाही. मावशी "पायरी" म्हणाली होती. हे लिहून ठेवते. पायरी.

पण पायरी झाल्यावर पुढचा फुटपाथ घाण दिसत होता. काकांनी सकाळीच टाकलेलं मीठ, तपकिरी, पायाखाली कुरकुरणारं. मला वाटलं, बायका जरीच्या साड्या नेसून याच्यावरून येणार. झाडू मारला तर ते फरशीला चिकटलेलं. बाहेर उणे चार, म्हणून मग गरम पाणी आणलं. एक बादली, मग अजून एक, मग मजा यायला लागली. वाफ येत होती, खालचा दगड काळा, स्वच्छ निघत होता. मी आमच्या दारापासून पॉलीन रस्ता ओलांडते तिथपर्यंत सगळं धुतलं. सगळं मीठ उताराने वाहून गटारात गेलं. मी बघत होते. छान दिसत होतं.

मग पायरीवर रांगोळी. मग मार्गेटच्या जेसचा फोन आला. ती आता ब्रिस्टलला असते, एका बोटीवर राहते. बोटीवर! कॅमेरा फिरवून दाखवत होती, चूल वगैरे. मी आत जाऊन खिडकीत बसले. किती वेळ ते कळलं नाही.

बाहेरून आवाज आला. ओरडण्याचा नाही. कुत्र्याचा.

पॉलीन फुटपाथवर बसली होती, पाय पुढे करून, लहान मुलासारखी. डावा हात मांडीवर धरलेला. मनगट असं वाकलं होतं जसं मनगट वाकत नाही. "I'm all right, love, I'm all right," म्हणत होती आणि चेहरा पांढरा. मी पळत गेले तर मीसुद्धा घसरले. दगडावर काच बसवल्यासारखं झालं होतं. माझं पाणी.

मावशीने फोन केला. पॉलीनचा मुलगा तिला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ए अँड ईला घेऊन गेला.

बायका वेळेवर आल्या. हळदीकुंकू छान झालं. गाळण्या सगळ्यांना आवडल्या.

१७, संध्याकाळ

वर सगळं लिहिलेलं नाही.

पॉलीन गेल्यावर मी पेटीकडे पळाले, बादली भरभरून मीठ आणलं आणि धुतलेल्या जागेवर फेकलं. ढीगच्या ढीग. बायका यायच्या होत्या. तेवढ्यात काका बाहेर आले. आतल्या बनियनवर कोट, पायात सपाता. फुटपाथकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "पण मी इथे टाकलं होतं."

मी अजून एक बादली ओतली.

"टाकलं होतं ना? मी कोपऱ्यावरून आलो. हे नऊ नंबर." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "तनू, तू खिडकीत होतीस. मी टाकलं होतं का इथे?"

आणि मी म्हणाले, "राहिलं असेल, काका."

एवढंच. मला बोलायचंही नव्हतं, ते आपोआप तोंडातून निघालं, कुणी धक्का दिल्यावर "सॉरी" निघतं तसं. ते म्हणाले, "हो का," आणि आत गेले. दार लावायचं विसरले. मी जाऊन ओढून घेतलं.

१८ जानेवारी, रविवार

पॉलीनच्या मनगटाचं ऑपरेशन आहे, प्लेट बसवणार. रस्त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनेच लिहिलं, डाव्या हाताचं दुखणं असून. "पुअर जे, एक पॅच राहिला त्याच्याकडून, ब्लेस हिम. कुणी त्याला बोलू नका हं." खाली हार्टच हार्ट. कुणीतरी लिहिलं, आता तरुणांनी हे काम घ्यायला हवं. कुणीतरी लिहिलं, चौऱ्याहत्तर वय म्हणजे काही कमी नाही.

सगळे इतके चांगले वागतायत. कुणी चिडलं असतं तर बरं झालं असतं.

काका फुलं घेऊन पॉलीनकडे गेले. मी खिडकीतून बघितलं. दारात उभे राहून काहीतरी बोलले, मान खाली घालून. माझ्यासाठी माफी मागितली त्यांनी. माझ्यासाठी, हे त्यांना माहीत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

पुन्हा उणे चार. काका बाहेर. वजाबाकी नाही आज. नऊ नंबरसमोर टाकलं, खाली बसस्टॉपपर्यंत गेले, मग चढ चढून परत नऊ नंबरसमोर आले आणि वाकून बघितलं. पुन्हा टाकलं. पलीकडच्या बाजूला गेले. तिथून पुन्हा इकडे.

मी चहा घेऊन गेले. म्हणाले, "बघ जरा. इथे आहे ना?"

"आहे, काका. भरपूर आहे."

"नाही, मला दिसतंय. पण मला तेव्हाही दिसत होतं, तनू. मला अजून दिसतंय. माझा हात, फावडं, हा दगड. सगळं स्पष्ट." हसले. "पेशंट असेच म्हणायचे. अगदी असेच. डॉक्टर, मला स्पष्ट आठवतंय."

कप माझ्या हातात राहिला. आता बोलायचं, असं मनात होतं. ते म्हणाले, "जा आत, गारठशील."

२१ जानेवारी

दिवसभर जेसच्या बोटीचे फोटो बघितले.

२४ जानेवारी, शनिवार

देवयानीताई आली एजवेअरहून. पंचेचाळीसची असेल, लीड्सलाच जन्मलेली, मराठी तोडकंमोडकं. काकांच्या आधी मावशीकडे आली, कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली.

"नीनाआंटी, मला खरं सांगा. बाबाचा किती दिवस चालली आहे हे?"

मावशी म्हणाली, "अगं काही चाललेलं नाही. एक जागा राहिली. माणूस आहे."

"बाबा नाही विसरत आंटी. बाबा माझी केमिस्ट्रीची मार्क अजून सांगतो." मग रडायला लागली. "त्याने स्वतः फोन केला मला. म्हणाला, देवू, आपली करार होती. मी हरलो. मी म्हटलं बाबा, तुम्ही काय मॅच खेळता का."

मी गॅसकडे तोंड करून चहा करत होते. दूध उतू गेलं. ओटा पुसला. एकदा पुसून झालं तरी पुसत राहिले.

शुक्रवारी इस्टेट एजंट येणार आहे. काकांनी स्वतःच बोलावलाय. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडूनही, स्मृतीच्या क्लिनिकची तारीख मागितलीय, ती मिळायला बरेच महिने लागतील. पण काका म्हणाले म्हणे, माझ्यासाठी निकाल लागला.

देवयानीताई जाताना मला मिठी मारून गेली. "थँक यू तनू, तू बाबाला मदत करते. बाबा सारखा तुझी नाव घेतो."

२५ जानेवारी, रविवार

बॅग भरली. मंगळवारी ब्रिस्टलची कोच आहे, लांबची बस.

२६ जानेवारी, सोमवार

बॅग बघून मावशी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं काही नाही, जेसने बोलावलंय. ती म्हणाली, "तू जाताना नेहमी नाचत जातेस. आज का नाही?"

मग सांगितलं. गरम पाणी, फुटपाथ, फोन, आणि ते वाक्य. ते वाक्य सांगताना भिंतीकडे बघत होते.

मावशीने माझी बॅग उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी फक्त पायरी म्हटलं होतं."

"हो."

"पायरीच म्हटलं होतं मी."

"हो गं मावशी. तुझं काही नाही यात."

मग वेगळंच म्हणाली. "हे बघ, आता बाहेर बोलू नकोस. पॉलीन चांगली आहे, पण तिचा मुलगा? क्लेम केला तर घर माझ्या नावावर आहे. आणि सगळ्या बायकांना कळलं की माझ्या हळदीकुंकवासाठी शेजारणीचा हात मोडला... काकांचं काय, त्यांचं वयच झालंय. आज ना उद्या मुलीकडे जाणारच होते."

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर वळवली, राहिलेल्या गाळण्यांकडे. मग तीच म्हणाली, "नको. असं नको. मी काय बोलतेय." डोळ्यांना पदर लावायला गेली, पण अंगावर स्वेटर होता. "त्यांना सांग तू. आधी त्यांना. बाकी मी बघते."

२७ जानेवारी, मंगळवार

कोच गेली. मी नाही गेले. पण काकांकडेही नाही गेले. दारापर्यंत जाऊन आले. पॉलीनच्या कुत्र्याने भुंकून सगळ्या रस्त्याला सांगितलं.

२८ जानेवारी, बुधवार

सांगितलं.

काका बैठकीत पुस्तकं काढत होते, ही एजवेअरला, ही चॅरिटी शॉपला. मला वाटलं बसून सांगावं, पण खुर्चीवर पुस्तकं होती, म्हणून उभीच. म्हटलं, "काका, तुम्ही त्या दिवशी मीठ टाकलं होतं. मी बघितलं होतं. मी ते धुऊन टाकलं."

ते वळले नाहीत लगेच. हातातलं पुस्तक फळीवर परत ठेवलं.

"कशाने धुतलं?"

"पाण्याने. हळदीकुंकवाला सडा घालायचा होता म्हणून."

"किती?"

"चार-पाच बादल्या."

"गरम?"

"गरम."

"उणे चारला गरम पाणी," ते म्हणाले. "फुटपाथवर. उतारावर." एकेक शब्द केस-पेपरमध्ये लिहीत असल्यासारखे. मग वळून बघितलं. "पण मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, राहिलं असेल."

"हो, काका."

खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवली आणि बसले. मला वाटलं आता ओरडतील. मला तेच हवं होतं. पण ते म्हणाले, "हे वाईट केलंस, तनू. हाड जुळतं. हे दुसरं वाईट केलंस."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. थांब वगैरे म्हणाले नाहीत.

आणि मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. हळूहळू, कोपऱ्यांपासून. "म्हणजे मी टाकलं होतं," म्हणाले. उठले, खिडकीशी गेले, पडदा सारून नऊ नंबरपुढचा फुटपाथ बघितला. "टाकलं होतं मी! मला आठवत होतं. मला बरोबर आठवत होतं." तिथेच उभं राहून शंभरपासून खाली सुरू केलं, मोठ्याने, दोन आकड्यांच्या मध्ये श्वासही न घेता.

मी म्हटलं, मी आत्ताच देवयानीताईला फोन करते, पॉलीनलाही सांगते. म्हणाले, "मुळीच नाही. देवयानीला मीच सांगणार. हा आनंद मी तुला देणार नाही. बघ आता तिची कशी जिरवतो. आधी तिला, मग पॉलीनकडे आपण दोघं जाऊ, तू पुढे, मी मागे. एजंटलाही मीच सांगतो, घरी बस म्हणावं."

निघताना फळीवरचा डबा काढून एक बिस्किट दिलं. शिक्षा झालेल्या मुलाला देतात तसं. दारातच खाल्लं मी ते.

२९ जानेवारी, गुरुवार

वाट बघतेय. देवयानीताईचा फोन येईल, शिव्या देईल. नाही आला.

३० जानेवारी, शुक्रवार

एजंट आला. निळा सूट, टोकदार बूट, आमच्या चढावर बदकासारखा चालत होता. काकांनी त्याला घर दाखवलं. सगळं, वरची खोली, बाग, शेड. मी कुंपणापलीकडून ऐकत होते. "बॉयलर दोन वर्षांपूर्वीचा आहे." अगदी नम्रपणे. एजंट गेल्यावर मी विचारलं, "काका, ताईला सांगितलंत?"

"सांगू, सांगू. घाई काय आहे," म्हणाले आणि आत गेले.

मावशी म्हणते, त्यांनी गिळून टाकलं. तुला लाज वाटू नये म्हणून. "मोठं मन आहे गं त्यांचं. तुझं नाव येऊ नये म्हणून घर सोडायला निघालेत."

हे ऐकल्यापासून जेवण गेलेलं नाही. मी खोटं बोलले तेव्हा एवढी लाज नव्हती वाटली. आता माझ्यासाठी कुणीतरी गप्प बसलंय, आणि त्याची किंमत म्हणजे ते घर. उद्या-परवा मी स्वतःच ताईला सांगणार, ते कितीही नको म्हणोत. पण त्यांना सांगून. पाठीमागून आता काही करायचं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पुन्हा गोठलं होतं. काका पेटीपाशी उभे होते, झाकण उघडं, फावडं तसंच मिठात खोचलेलं. मी म्हटलं, "काका, मी आज ताईला फोन करणार आहे." ते म्हणाले, "कशाबद्दल?" मग आवाज खाली आणून, आजूबाजूला बघून, "तनू, एक विचारू? खरं सांग, मला वाईट नाही वाटणार. हळदीकुंकवाच्या दिवशी तुमच्या दारातलं राहिलं होतं ना माझ्याकडून?"

मला वाटलं परीक्षा घेतायत. चेहऱ्याकडे बघितलं. नव्हते घेत.

पुन्हा सांगितलं. पाणी, बादल्या, ते वाक्य. "गरम?" म्हणाले. सगळं तसंच, त्याच क्रमाने. "हे वाईट केलंस, तनू." आणि मग तोच आनंद, कोपऱ्यांपासून हळूहळू, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. "देवयानीला मीच सांगणार."

आता स्वयंपाकघरात बसलेय, ताईचा नंबर समोर. त्या दिवशी ते विसरले नव्हते, हे माझ्याशिवाय कोण सांगणार. आणि आता विसरतात, हेही माझ्याशिवाय अजून कुणाला माहीत नाही.